टॉवर एकदम उभा राहतो, गिऱ्हाईक मात्र एकेक करून येतं

नव्या काँडो टॉवरच्या सेल्स ऑफिसात गेलं की सगळे आधी त्या काचेच्या पेटीतल्या मॉडेलकडे बघतात, आत बारीक दिवे लावलेले असतात, खाली एवढीएवढीशी झाडं, मुंगीएवढी माणसं, गच्चीवर निळा स्विमिंग पूल. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतो. आडव्या ओळी म्हणजे मजले, उभ्या रांगा म्हणजे एकावर एक येणारी सारख्या आकाराची घरं, आणि जे विकलं गेलं त्या चौकोनावर लाल स्टिकर. असे दोन-चार तक्ते बघितले की एक गोष्ट ध्यानात येते, लाल ठिपके वर असतात आणि खाली असतात, मधला पट्टा पांढराच. वरची घरं नजाऱ्यासाठी जातात, खालची स्वस्त म्हणून जातात आणि मधली "बघू, विचार करून सांगतो" या खात्यात पडून राहतात. बिल्डरचा सगळा नफा बहुतेक वेळा त्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यातच अडकलेला असतो.

हा लेख अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरांबद्दल आहे, म्हणजे न्यूयॉर्क, शिकागो, मायामी नाही, तर मिलवॉकी, लुईव्हिल, ओमाहा अशी शहरं, जिथं डाउनटाउन, म्हणजे शहराचा मधला व्यापारी भाग आहे, त्यात दहा-वीस उंच इमारती आहेत आणि गर्दीच्या वेळीसुद्धा गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांत गावाबाहेर पडता येतं. तिथं प्रश्न नेहमी हाच येतो की अरे या शहरात घरं एवढी स्वस्त आहेत, मग डाउनटाउनच्या टॉवरमधला दोन बेडरूमचा काँडो उपनगरातल्या चार बेडरूमच्या अंगणवाल्या घराएवढा महाग कसा, आणि एवढा महाग आहे म्हणजे मागणी जोरात असणार, मग बिल्डर आणखी टॉवर का बांधत नाहीत? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते मागणी किती यापेक्षा मागणी कशी येते यात आहे. मागणी थेंबाथेंबानं येते आणि पुरवठा अख्खी टाकी एकदम ओतल्यासारखा येतो.

आधी काँडो म्हणजे काय ते दोन ओळीत. घराच्या आतली जागा तुमची, आणि लिफ्ट, छप्पर, भिंतींचा सांगाडा, पार्किंगचा रॅम्प हे सगळ्यांचं मिळून. आज हे इतकं सवयीचं झालंय की जुनं वाटतं पण अमेरिकेत याचा कायदा बऱ्यापैकी नवा आहे, प्वेर्तो रिकोत १९५८ साली, मग युटा राज्यात १९६०, आणि १९६१ मध्ये केंद्र सरकारच्या गृहकर्ज विम्यात काँडो बसवला गेला तेव्हा कुठं बाकीच्या राज्यांनी धडाधड कायदे केले. असो.

आता आकड्यात बघू. समजा एक शहर आहे, काल्पनिकच धरा, आणि तिथं डाउनटाउनमध्ये नवा महागातला काँडो घेणारी माणसं वर्षाला ४० निघतात. चाळीस म्हणजे कमी नाही, दर नऊ दिवसांनी एक घर विकलं गेलं. पण टॉवर बांधायचा तर १५० घरांचा बांधावा लागतो, त्याहून लहान केला तर लिफ्ट, जिने, क्रेन, पाया यांचा खर्च कमी घरांवर वाटला जाऊन प्रत्येक घर आणखी महाग होतं. म्हणजे एकाच इमारतीनं पावणेचार वर्षांची मागणी एका दमात बाजारात आणली. त्याच वेळी शेजारच्या बिल्डरलाही तीच अक्कल सुचली आणि त्यानं १५० घरांचा दुसरा टॉवर काढला तर साडेसात वर्षांचा माल झाला. गावात लोकांना डाउनटाउन आवडेनासं झालेलं नाही, मागणी तीच चाळीस आहे, पण दोन्ही टॉवर अर्धे रिकामे आणि पेपरात बातमी की डाउनटाउनचा फुगा फुटला.

उपनगरातला बिल्डर या फासात सापडत नाही. तो दहा घरं बांधतो, विकली जातात का बघतो, मग पुढची दहा. नाही विकली गेली तर थांबतो, रिकाम्या प्लॉटवर गवत वाढतं, एवढंच. टॉवर बाराव्या मजल्यावर थांबवून "बाजार सुधारला की वरचे दहा करू" असं करता येत नाही, कारण पाया आणि लिफ्ट बावीस मजल्यांच्या हिशोबानं टाकलेल्या, छप्पर नाही तर खालच्यांना ताबा नाही, आणि बँकेचं व्याज रोज चालू.

आणि बँक हे सगळं ओळखून असते म्हणून ती कर्ज देतानाच म्हणते की आधी गिऱ्हाईक दाखवा. यालाच प्रीसेल म्हणतात. ठरावीक टक्के घरांचे करार आधी व्हायला हवेत, तेही नुसत्या नाव नोंदणीचे नाहीत, पैसे भरून केलेले, साधारण १० ते २० टक्के रक्कम अडकवून. इथं मध्यम शहराची गोची होते. मोठ्या शहरात कागदावरच्या इमारतीत पैसे टाकणारे गुंतवणूकदार मिळतात, त्यातले कितीतरी तर परदेशातले, ज्यांना तिथं राहायचंच नाही, दोन वर्षांनी भाव वाढला की विकायचं. मध्यम शहरात हे लोक फिरकत नाहीत. तिथलं गिऱ्हाईक म्हणजे मुलं कॉलेजला गेलेलं जोडपं, डाउनटाउनच्या हॉस्पिटलातला डॉक्टर, युनिव्हर्सिटीतला सीनियर प्राध्यापक, वर्षाचे चार महिने उबदार राज्यात राहणारे निवृत्त लोक. यातल्या बहुतेकांना आधी आपलं मोठं घर विकायचं असतं, आणि ही माणसं नळाची तोटी हातानं फिरवून, खिडकीतून काय दिसतं ते डोळ्यांनी बघून घर घेणारी, तीन वर्षांनी मिळणाऱ्या घरासाठी कुणी आज आपलं घर विकत नाही. म्हणजे बँकेला इमारत बांधायच्या आधी गिऱ्हाईक हवं आणि गिऱ्हाईकाला गिऱ्हाईक व्हायच्या आधी इमारत हवी!

लुईव्हिलचा म्युझियम प्लाझा हा या सगळ्याचा मोठा दाखला. ६२ मजली, काँडो, हॉटेल, ऑफिसं, कलेचं संग्रहालय, दिसायला असा की चित्रं बघून लोक थांबायचे. २००७ मध्ये भूमिपूजन झालं, मग बाजार कोसळला, कर्जाची जुळवाजुळव काही होईना आणि २०११ मध्ये प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला. मंदीवर खापर फोडणं सोपं आहे आणि ते बरोबरही आहे, पण मंदीत उपनगरातली घरं दहा-दहानं का होईना बांधली जात राहिली, टॉवरला ती सोयच नव्हती, तो एक तर ६२ मजले नाहीतर शून्य.

त्याच काळात आणखी एक मजा झाली (ज्यांचे पैसे अडकले त्यांच्यासाठी मजा नव्हती). तेजीत करार केलेल्या लोकांना ताबा घ्यायच्या वेळी कळलं की घराची किंमत करारापेक्षा बरीच खाली आली आहे, मग वकिलांनी १९६८ चा एक जुना कायदा शोधून काढला, जो मुळात लांबच्या राज्यात रिकामे प्लॉट दाखवून फसवणाऱ्यांसाठी केलेला होता, आणि त्यातल्या कागदपत्रांच्या त्रुटींवर बोट ठेवून काँडोचे करार मोडायला सुरुवात केली. पुढं २०१४ मध्ये तो कायदा बदलून काँडोंना नोंदणीच्या अटीतून सूट मिळाली. पण बँका ते विसरल्या नाहीत, प्रीसेलच्या करारातलं गिऱ्हाईकही पळू शकतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आता किमतीकडे. मध्यम शहरात डाउनटाउनची जमीन तशी फार महाग नसते, बघाल तर अर्ध्या डाउनटाउनमध्ये उघडे पार्किंगचे प्लॉटच पसरलेले असतात. महाग असतं ते वर जाणं. आणि वर जाण्याचा खर्च शहर लहान म्हणून फारसा उतरत नाही, लिफ्ट त्याच कंपन्यांची, काचेची भिंत तीच, स्टील तेच, उलट टॉवर बांधणारे कुशल लोक गावात नसले तर बाहेरून आणावे लागतात. मजुरी थोडी स्वस्त पडते, बस. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये घराचा विक्रीभाव बांधकाम खर्चाच्या कितीतरी वर असतो त्यामुळे जमीनमालक, बिल्डर, बँक सगळ्यांना त्यात वाटा मिळतो, पण मध्यम शहरात विक्रीभाव बांधकाम खर्चाला कसाबसा शिवतो आणि बऱ्याचदा शिवतही नाही. "बिल्डर लुटतात" हे वाक्य मला म्हणून थोडं हास्यास्पद वाटतं, या शहरांत बिल्डरला लुटायला जागाच कुठं असते?

उंचीचा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, ७५ फूट. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी जो बांधकाम नियमसंग्रह पाळतात त्यात, फायर ब्रिगेडची गाडी जिथं उभी राहते तिथून राहता मजला ७५ फुटांच्या वर गेला की इमारत हायराइज ठरते, आणि मग धुरापासून सुरक्षित जिने, वीज गेली तर चालणारा जनरेटर, आग लागल्यावर सगळं हाताळायची वेगळी खोली असं एकेक मागं लागतं. सात मजल्यांपर्यंत तुम्ही खाली काँक्रीटचे एक-दोन मजले आणि वर लाकडी सांगाड्याचे पाच मजले असं स्वस्तात उरकू शकता, अमेरिकेत हल्ली जिकडेतिकडे एकसारख्या दिसणाऱ्या ज्या इमारती उगवल्यात ना, त्या याच. पण आठ-नऊ मजले केले की हायराइजचा सगळा खर्च अंगावर आणि नजारा मात्र समोरच्या पार्किंग गॅरेजच्या गच्चीचा. म्हणून मध्यम शहरात एक तर सहा-सात मजले दिसतात नाहीतर एकदम वीस-पंचवीस, मधलं फारसं कुणी बांधत नाही, खर्च भरून काढायचा तर वर जाऊन नजारा विकावाच लागतो. आणि वर गेलं की घरांची संख्या वाढते, म्हणजे परत तीच टाकी.

दुसरी गोष्ट, बांधलेली सगळी जागा विकता येत नाही. दोन जिने, दोन-तीन लिफ्ट, पाइप आणि वायरींचे उभे बोगदे, कॉरिडॉर, हे मजला लहान असो की मोठा, लागतंच. समजा मजला १०,००० चौरस फुटांचा आहे आणि त्यातले २,००० या सगळ्यात गेले, तर विकायला उरले ८,०००. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला ४०० डॉलर आला असेल तर विकायच्या जागेवर तो ५०० झाला, अजून जमीन नाही, व्याज नाही, आर्किटेक्ट नाही, नफा तर लांबच.

आणि पार्किंग! मोठ्या शहरात डाउनटाउनला राहणारा माणूस गाडीशिवाय जगतो, मध्यम शहरात तो जगू शकत नाही, किराणा आणायला, मुलीकडे जायला, सगळीकडे गाडी, आणि नवरा-बायको दोघं असतील तर दोन गाड्या. गॅरेजमध्ये एका गाडीला, जायच्या-यायच्या वाटेचा वाटा धरून, साधारण ३०० ते ३५० चौरस फूट लागतात. दोन गाड्यांचे साडेसहाशे, म्हणजे एक बेडरूमचं घर बसेल एवढी जागा काँक्रीटमध्ये बांधून नुसती गाडीला दिली. ब्रोशरमध्ये "दोन पार्किंग मोफत" लिहिलेलं असतं ते वाचून मला दरवेळी हसू येतं.

हा झाला किमतीचा तळ, याच्या खाली बिल्डर उतरू शकत नाही. पण वर एक छतही आहे आणि ते छत शेजारच्या टॉवरनं घातलेलं नाही, पंधरा मिनिटांवरच्या अंगणवाल्या घरानं घातलंय. ज्या शहरात डाउनटाउनच्या ऑफिसला उपनगरातून यायला दीड तास लागतो तिथं लोक जवळ राहायचे पैसे मोजतात, ते जवळपणाचे पैसे. मध्यम शहरात सगळंच जवळ आहे, त्यामुळे जवळपणा विकता येत नाही. मग विकायचं काय? नजारा, खालचा दरवान, बर्फ काढायला न लागणं, चालत हॉटेलात आणि नाटकाला जाणं, घराला कुलूप लावून तीन महिने निघून जाता येणं. हे सगळं हवं असणारी माणसं असतात, चांगले पैसे मोजणारीही असतात, पण त्यांची संख्या मोजकी. भाव १० टक्के उतरवला तर गिऱ्हाईक १० टक्क्यांनी वाढेल असं इथं होत नाही, अंगण आणि शाळा हवी असलेलं तरुण कुटुंब १० टक्क्यांत पंचविसाव्या मजल्यावर येत नसतं.

आता दर महिन्याच्या पैशांकडे येऊ, कारण माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथं फसतात. अमेरिकेत याला एचओए फी म्हणतात, सोसायटीचा मेंटेनन्सच तो, पण टॉवरमध्ये तो चांगलाच दणदणीत असतो, कारण दरवान, लिफ्टचा करार, इमारतीचा विमा, पूल, जिम, काच पुसणारे, सगळं त्यात. समजा महिना ९०० डॉलर. लोक म्हणतात ठीक आहे, घर घेतोय तर भरू. पण हेच ९०० डॉलर तुम्ही कर्जाचा हप्ता म्हणून भरले असते तर ७ टक्के व्याजानं तीस वर्षांच्या कर्जात त्यातून साधारण १ लाख ३५ हजार डॉलरचं कर्ज फिटलं असतं. म्हणजे ४ लाखांचा काँडो आणि ५ लाख ३५ हजारांचं बिनफीचं घर यांचा महिन्याचा भार सारखाच. (हां, घरालाही छप्पर आणि बॉयलर असतो, त्याचा खर्च मालकच करतो, पण तो कधी करायचा हे त्याच्या हातात असतं, फी मात्र एक तारखेला येते.) आणि कर्जाचा हप्ता तीस वर्षं तेवढाच राहतो, फी वाढत जाते. शिवाय नव्या टॉवरमध्ये सुरुवातीचं बजेट बिल्डर स्वतः करतो आणि विक्री चालू असताना फी कमी दिसलेली त्याला हवी असते, म्हणून कारभार रहिवाशांच्या हातात आला की पहिल्या एक-दोन वर्षांत फीनं उडी मारली हे ऐकून मला आता नवल वाटत नाही.

या हिशोबावर व्याजदराची झळ कशी बसते ते बघा. तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २०२१ च्या जानेवारीत २.६५ टक्के होता आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ७.७९ पर्यंत गेला. ४ लाखांच्या कर्जाचा हप्ता ३ टक्क्यांनी महिना १,६८६ डॉलर, ७ टक्क्यांनी २,६६१. आता तुम्ही म्हणाल की हे सगळ्याच घरांना लागू, आणि आहेच. पण डाउनटाउनच्या गिऱ्हाईकाची गोष्ट वेगळी, तो बऱ्याचदा वयस्कर, त्याच्या उपनगरातल्या घरावर ३ टक्क्यांचं कर्ज आहे किंवा फिटलेलंच आहे, त्याला हलायची काही घाई नाही. घर मोठं पडतंय, जिने चढवत नाहीत, तरी म्हणतो राहू अजून दोन वर्षं. आपल्या काल्पनिक शहरात चाळीसाचे वीस होतात ते असे, आणि दीडशे घरांचा टॉवर पावणेचार वर्षांऐवजी साडेसात वर्षांचा माल होऊन बसतो. व्याज वाढल्यानं बिल्डरच्या कर्जाचाही खर्च त्याच वेळी वाढलेला असतो. दोन्हीकडून मार.

फीबद्दल बोलतोय तर २४ जून २०२१ ची रात्र टाळता येत नाही. फ्लोरिडातल्या सर्फसाइडमधली शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १९८१ मध्ये बांधलेली १२ मजली इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली, ९८ माणसं गेली. दुरुस्तीची गरज आधीच कळलेली होती, रहिवाशांकडून सुमारे दीड कोटी डॉलर गोळा करायचं ठरलंही होतं, एकेकाच्या वाट्याला घराच्या आकाराप्रमाणे ८० हजारांपासून ३ लाखांच्या वर, आणि पैसे भरायला सुरुवात होणार होती १ जुलैला. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडानं कायदा केला, तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या काँडोंची सांगाड्याची तपासणी सक्तीची, आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी बाजूला ठेवणंही सक्तीचं, रहिवाशांनी मत टाकून तो माफ करायची पळवाट बंद. वर्षानुवर्षं कमी ठेवलेल्या फीचं बिल एकदम आलं आणि तिथल्या जुन्या काँडोंचे भाव घसरले.

पण याची झळ फ्लोरिडापुरती राहिली नाही. अमेरिकेत बँका गृहकर्ज देतात आणि त्यातली पुष्कळशी फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्थांना विकतात, त्यामुळे त्यांचे नियम म्हणजे जवळजवळ बाजाराचे नियम. काँडोच्या बाबतीत त्या फक्त तुमचा पगार बघत नाहीत, अख्ख्या इमारतीची परीक्षा घेतात. नव्या प्रकल्पात निम्मी तरी घरं स्वतः राहायला किंवा दुसरं घर म्हणून घेणाऱ्यांनी घेतलेली हवीत, फी थकवणारे फार नकोत, एकाच मालकाकडे फार घरं नकोत, दुरुस्ती निधीसाठी बजेटातला पुरेसा वाटा (बरीच वर्षं १० टक्के हा आकडा चालत आला) बाजूला काढलेला हवा, आणि २०२२ पासून राहून गेलेल्या मोठ्या दुरुस्त्यांबद्दलचे प्रश्नही आले. इमारत नापास झाली की त्यातल्या कुठल्याच घराला साधं कर्ज मिळत नाही, मग उरले रोख पैसे देणारे किंवा जास्त व्याजाचं, जास्त डाउन पेमेंटचं कर्ज घेणारे. मोठ्या शहरात रोखीवाले तरी भेटतात. वर्षाला चाळीस गिऱ्हाइकं असलेल्या शहरात त्यातले तीस कर्जवाले गेले की राहिलं काय?

नजाऱ्याचंही बोलून टाकू. वरच्या मजल्याला जास्त भाव, प्रत्येक मजल्यामागं काहीतरी हजार वाढवत नेतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्या उघड्या पार्किंग प्लॉटमुळे तुम्हाला नदी दिसते तो प्लॉट कुणाचा तरी आहे. १९५९ चा फ्लोरिडातला खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे, मायामी बीचवर फाँटनब्लो हॉटेलनं १४ मजली वाढीव इमारत काढली आणि शेजारच्या ईडन रॉक हॉटेलच्या स्विमिंग पूलवर दुपारची सावली पडायला लागली, ईडन रॉक कोर्टात गेलं आणि हरलं, कोर्ट म्हणालं शेजाऱ्याच्या जागेवरून येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर तुमचा कायदेशीर हक्क नाही. नजाऱ्याचं तर मग विचारूच नका. मध्यम शहरात उघडे प्लॉट जास्त म्हणून आज नजारा भरपूर आणि स्वस्त, आणि त्याच कारणानं तो सगळ्यात बेभरवशाचा. मी नजाऱ्याचे पैसे मोजायचे झाले तर नदी, रेल्वेचे रूळ, नाहीतर कोर्टाची जुनी इमारत समोर असेल तरच मोजीन, पार्किंग समोर असेल तर नाही.

भावाच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा हा पण वेगळाच विषय आहे. "डाउनटाउनचे काँडो यंदा २० टक्के वाढले" अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं की नवा टॉवर पूर्ण झाला आणि त्यातल्या ऐंशी घरांची खरेदीखतं एकाच वर्षात नोंदली गेली. ते भाव दोन-अडीच वर्षांपूर्वी करारात ठरलेले, नोंद आत्ता. तुमच्या वीस वर्षं जुन्या इमारतीतलं घर एक डॉलरनंही वाढलेलं नसतं. उलटही होतं, घटस्फोटात किंवा वारसाहक्कात एखादं घर घाईनं विकलं गेलं तर पुढचं वर्षभर बँकेचा मूल्यांकन करणारा तोच भाव पुढं करतो, कारण तुलना करायला गावात आहेतच किती इमारती, तीन! त्यात सारख्या आकाराची विकलेली घरं दोन.

आणि बिल्डरचा छापील भाव तर उतरतच नाही असं वाटतं, कारण तो उतरवला तर आधी घेतलेले भांडायला येतात आणि पुढचं मूल्यांकनही खाली जातं. म्हणून तो भाव तसाच ठेवून मागच्या दारानं सूट देतो, दोन वर्षांची फी आम्ही भरू, दुसरं पार्किंग घ्या, किचन वरच्या दर्जाचं करून देतो, कागदपत्रांचा खर्च आमचा. नोंदणीत किंमत पूर्ण दिसते. सेल्स ऑफिसात भाव विचारू नका, "सध्या काय देताय" ते विचारा.

एवढं सगळं झाल्यावर मग टॉवर उभे राहतात ते तरी कसे? बरेचसे भाड्याचे म्हणून. मिलवॉकीत २०२२ मध्ये उघडलेला असेंट हा २५ मजली, लाकडाच्या दाबून केलेल्या तुळया वापरून बांधलेला टॉवर, उघडला तेव्हा त्या प्रकारातला जगातला सर्वात उंच, त्यातली २५९ घरं सगळी भाड्याची. बिल्डरच्या बाजूनं बघा, भाडेकरूला आपलं घर विकायचं नसतं, डाउन पेमेंट जमवायचं नसतं, दोन वर्षं थांबायचं नसतं, तो पुढच्या महिन्यात राहायला येतो, त्यामुळे महिन्याला पंधरा-वीस घरं भरू शकतात. इमारत भरली की ती अख्खी एखाद्या पेन्शन फंडाला किंवा विमा कंपनीला विकली, एक गिऱ्हाईक, एक सही. काँडोत दीडशे गिऱ्हाइकं, दीडशे सह्या, आणि वर पुढची काही वर्षं बांधकामातल्या दोषांवरून सगळे मिळून कोर्टात खेचतील ही टांगती तलवार. कोलोरॅडोत या दाव्यांच्या भीतीनं आणि त्यासाठीच्या विम्याच्या खर्चानं काँडो बांधणं इतकं आटलं की २०१७ मध्ये दावा करण्याआधी बहुसंख्य घरमालकांची संमती लागेल असा नियम आणावा लागला. बाहेरून बघणाऱ्याला भाड्याचा टॉवर आणि काँडो टॉवर सारखाच दिसतो, त्यामुळे क्रेन बघून "काय मागणी आहे काँडोला" असं म्हणणारे खूप भेटतात.

यातून एक गंमत निघते, नवे काँडो येत नाहीत म्हणून जुन्या पण नीट राखलेल्या काँडोंना गिऱ्हाईक टिकून राहतं. ज्या इमारतीचा दुरुस्ती निधी भरलेला आहे, लिफ्ट बदलून झाल्यात, छप्पर झालंय, तिथलं घर महिनोन्महिने बाजारात येतच नाही आणि आलं की ओळखीतच जातं. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या इमारतीत, खिडक्या बदलायच्या राहिल्यात आणि मीटिंगमध्ये भांडणं चालू आहेत, तिथं चार घरं वर्षभर पडून. डाउनटाउन तेच, नजारा तोच. घर घेणार असाल तर मी म्हणेन किचनचे फोटो नंतर बघा, आधी मागच्या दोन वर्षांच्या मीटिंगचे वृत्तांत मागा, कंटाळवाणे असतात पण "गॅरेजच्या छतातून गळती, पुढच्या सभेत विषय घ्यावा" असं एक वाक्य त्यात सापडलं आणि पुढच्या चार सभांतही तेच वाक्य असलं तर तुम्हाला कळायचं ते कळतं.

नव्या टॉवरमध्ये घेताना तक्ता परत एकदा बघा. तुम्ही घर घेतलंत, तीन वर्षांनी नोकरी बदलली, विकायला काढलंत, आणि मधल्या पट्ट्यात बिल्डरची चाळीस घरं अजून पांढरीच आहेत. त्याच लिफ्टनं वर जाणारं तेच गिऱ्हाईक आधी कोरं घर बघतं, मग तुमचं. बिल्डर त्याला दोन वर्षांची फी माफ करतो, नवं पार्किंग देतो, रंग निवडायला देतो. तुम्ही काय देणार, पडदे?